नारळी पौर्णिमेचं भेटकार्ड: ठशाला किती, शाईला किती?

समुद्राचं चित्र असलेलं एक भेटकार्ड ठसे आणि शाई वापरून घरी करायचं, तर त्याला १८ रुपये लागू शकतात आणि सोळाशे रुपयेही. दोन्ही आकड्यांचा हिशेब पुढे दिला आहे. खरेदी करताना आपण सगळ्यात आधी ठशांच्या मागे लागतो, कारण मासे, शिंपले, कासवं, जहाजं असे पन्नास नमुने समोर आले की मोह आवरत नाही. शाई मग मिळेल ती घेतली जाते आणि कागद तर कुठलाही चालेल असं वाटतं. खर्चाचा क्रम याच्या अगदी उलट असायला हवा. ठसा भेंडीचाही चालतो. पण वाईट शाई आणि पातळ कागद महागड्या ठशानेही सावरत नाहीत.

हा हिशेब मी सोनारी डोळ्यांसमोर ठेवून मांडते आहे. धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातलं हे काळभैरवनाथाचं गाव. इथून कोकणचा किनारा रस्त्याने तीनशे किलोमीटरहून लांब. अशा गावात हस्तकलेच्या सामानाचं खास दुकान नसतं. शाळेजवळचं वह्या-पेनांचं दुकान, परंडा आणि बार्शीची बाजारपेठ आणि मोबाइलवरून मागवलेलं सामान, एवढेच पर्याय हाताशी असतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या वस्तूंची यादी देऊन सोनारीच्या वाचकाचा काही उपयोग नाही.

आणि समुद्रच का, तर श्रावणातल्या पौर्णिमेमुळे. त्याच दिवशी किनाऱ्यावरचे कोळी समुद्राला नारळ अर्पण करतात आणि त्याच दिवशी आपल्याकडे राखी बांधतात. भाऊ कामानिमित्त मुंबईत किंवा पनवेलला असेल, तर राखीच्या पाकिटातून त्याच्याच दारातला समुद्र बहिणीने त्याला पाठवावा, यासारखं दुसरं निमित्त नाही. म्हणून कार्डाचं माप, वजन आणि शाई हे सगळं मी राखीचं पाकीट आणि पावसाळी टपाल धरून सांगते. दर साधारण आहेत. दुकान आणि ब्रँड बदलला की थोडे पुढेमागे होतील.

आधी कागद. दुकानात ‘कार्डशीट’ म्हणून जो मोठा कागद मिळतो, तो बहुधा २२ बाय २८ इंचांचा असतो आणि १५ ते २५ रुपयांना येतो. त्यातून २० बाय साडेतेरा सेंटिमीटरचे बारा तुकडे निघतात. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की १० बाय साडेतेरा सेंटिमीटरचं कार्ड तयार. हे माप मी मुद्दाम धरलं आहे. टपाल खातं राखीसाठी पावसात न भिजणारी पाकिटं विकतं, गेली काही वर्षं साधारण दहा रुपयांना. ती ११ बाय २२ सेंटिमीटरच्या आसपासची असतात. त्यात हे कार्ड आरामात बसतं आणि शेजारी राखीला जागाही उरते. ए-फोर कागद अर्धा करून केलेलं नेहमीचं कार्ड साडेदहा सेंटिमीटर रुंद होतं. ते त्या पाकिटात कोंबावं लागतं आणि कडा दुमडतात. तरी पाकीट आधी घ्या, मोजा आणि मगच कागद कापा.

कागदाची जाडी ‘जीएसएम’मध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. ठशाच्या कार्डाला २०० च्या खाली जाऊ नका, आणि पाण्याचे रंग वापरणार असाल तर ३०० चाच घ्या, नाहीतर कागद वाळताना वाकडा होतो. दुकानदाराला जीएसएम सांगता आला नाही तर कागदाचा कोपरा ओल्या बोटाने दाबा. लगेच फुगला, पापुद्रा सुटला, तर तो कागद शाळेच्या प्रकल्पाला ठीक आहे, कार्डाला नाही. गुळगुळीत चकचकीत कागदही टाळा, त्यावर साधी शाई वाळतच नाही.

जलरंगासाठीच्या ३०० जीएसएमच्या ए-फोर कागदांचा लहान गठ्ठा दीडशे रुपयांच्या आसपास मिळतो. एका ए-फोरमधून दोन कार्डं निघतात, म्हणजे बारा कार्डांना सहाच कागद लागतात आणि उरलेले सरावाला होतात. हातकागदाचा मोह अनेकांना होतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, आणि चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या त्या कागदाचा स्पर्श दुसऱ्या कशालाच येत नाही. पण तो खडबडीत असतो आणि बारीक रेषांचा ठसा त्यावर तुटक उमटतो. हातकागद हवाच असेल तर लाटांच्या पट्ट्या फाडायला वापरा. फाडलेली त्याची कड थेट फेसासारखी दिसते.

आता शाई, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण ग्राहकाचे पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात.

शाईचा धंदा महाराष्ट्राला नवा नाही. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली, आणि त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. आजही खेड्यातल्या दुकानात हमखास सापडणारं निळं-जांभळं स्टॅम्प पॅड ४० ते ७० रुपयांना मिळतं. ते कचेरीच्या शिक्क्यासाठी केलेलं असतं. पॅड डबीत महिनोन्महिने ओलं राहावं म्हणून त्यातली शाई मुद्दाम सावकाश वाळणारी असते. साध्या, शोषून घेणाऱ्या कागदावर ती कागदात उतरते आणि काम भागतं. पण तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की ती पसरते, आणि श्रावणातल्या दमट हवेत जाड कार्डावर रात्रभर ठेवूनही बोटाला लागू शकते.

हस्तकलेच्या शाया मुख्यतः तीन जातीच्या असतात. पहिली रंग पाण्यात विरघळवून केलेली, जिला विक्रेते ‘डाय इंक’ म्हणतात. ती कागदात पटकन मुरते, लवकर वाळते आणि स्पंजाने पसरवून आकाश-पाण्याच्या छटा करायला फार छान. पण पाणी लागलं की तीही फिकते, आणि उन्हात ठेवली तर काळाने उडते. दुसरी ‘पिगमेंट इंक’. हिच्यातले रंगाचे कण कागदाच्या पृष्ठभागावर बसतात, त्यामुळे रंग दाट दिसतो आणि टिकतो, पण वाळायला वेळ घेते. तिसरी पाण्याने न पसरणारी, ‘परमनंट’, ‘आर्काइव्हल’ किंवा ‘वॉटरप्रूफ’ असं लिहिलेली. आधी ठसा मारून वरून जलरंग भरायचे असतील तर हीच लागते, दुसरी कुठलीही चालत नाही. परदेशी बनावटीचं लहान पॅड २०० ते ३५० रुपयांना आणि मोठं ५०० ते ७०० ला पडतं. लहानच घ्या. पॅड ठशावर उलटं धरून थोपटायचं असतं, त्यामुळे लहान पॅडनेही मोठा ठसा भिजतो.

सहा किंवा बारा रंगांच्या चिमुकल्या पॅडांचा संच शंभर ते अडीचशे रुपयांत दिसतो. मुलांनी बोटांचे ठसे उमटवायला तो उत्तम. समुद्राच्या कार्डासाठी मात्र त्यातले निळे-हिरवे दोन-तीनच उपयोगी पडतात आणि बाकीचे पडून राहतात. त्यापेक्षा एकच गडद निळं, पाण्याने न पसरणारं पॅड घ्यावं असं मी ठामपणे सांगेन. फिकट छटा त्याच पॅडमधून काढता येतात. ठशाला एकदा शाई लावून तो कागदावर मारा आणि पुन्हा शाई न लावता शेजारी दुसऱ्यांदा मारा. दुसरा मासा फिकट उमटतो आणि लांब, खोल पाण्यात असल्यासारखा वाटतो. तिसऱ्यांदा मारलात तर नुसती चाहूल. एका पॅडमध्ये तीन थरांचं पाणी, तेही फुकट.

कुठलीही शाई घेतली तरी कार्ड करण्याआधी एक परीक्षा घ्याच. ज्या कागदाचं कार्ड करणार त्याच्याच कात्रणावर ठसा मारा, रात्रभर ठेवा, सकाळी कोरडं बोट फिरवा आणि मग ओलं बोट. कोरड्या बोटाला रंग लागला तर ती शाई त्या कागदाला नाही. ओल्या बोटाला लागला तर ती राखीच्या टपालात न भिजणाऱ्या पाकिटाशिवाय जाणार नाही.

आता ठसे. माझ्या मते बारा कार्डांसाठी विकतचा ठसा लागतच नाही.

भेंडी घ्या, जून आणि जाड. देठाकडून दोन बोटं सोडून आडवी कापा. पाच धारांची भेंडी निघाली तर कापलेल्या भागाचा ठसा तारामाशासारखा येतो, आणि मधल्या बियांच्या पोकळ्या त्याच्या अंगावरच्या नक्षीसारख्या दिसतात. एकच अट, कापल्यावर तो बुळबुळीत रस फडक्याने टिपून भेंडी अर्धा तास उघडी ठेवायची. ओल्या भेंडीवर शाई धरत नाही. कांदा अर्धा कापला की एकात एक गोल वळणं मिळतात. त्याचा अर्धाच भाग शाईत टेकवला तर शिंपला, ओळीने मारला तर लाटा. बटाटा कोरायला सोपा, पण त्याला पाणी सुटतं, ते पुन्हापुन्हा टिपावं लागतं. हे भाजीचे ठसे त्या दिवसापुरतेच असतात. एका बैठकीत सगळी कार्डं मारून मोकळं व्हा.

दुसऱ्या दिवशीही लागणारा ठसा हवा तर खोडरबर. दहा रुपयांचा मऊ, पांढरा, चुरा न पडणारा घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोडरबरावर जीएसटी नाही, हेही बिल बघताना लक्षात असू द्या. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने मासा काढा, कागद खोडरबरावर पालथा ठेवा आणि वरून नखाने घासा. चित्र उलटं उतरतं आणि छापताना पुन्हा सुलटं होतं. मग वीस रुपयांच्या कटरने रेषेबाहेरचा भाग काढा. पातं रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरायचं, म्हणजे ठशाचा पाया रुंद राहतो आणि बारीक शेपटी दोन-चार ठशांनी तुटत नाही. सरळ खाली किंवा आतल्या बाजूला कापलं की हमखास तुटते. पातं नेहमी धरलेल्या हातापासून दूर चालवा. मुलांकडून चित्र काढून घ्या, पण कापायचं काम मोठ्यांनीच करायचं. कोरण्यांचा संच दीडशे ते तीनशेला मिळतो. एखाद-दोन मासे कोरायचे असतील तर तो घेऊ नका.

कोणता मासा कोरायचा? पापलेट. चंदेरी पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित केलं गेलं, आणि त्याचा आकारही नवख्या हाताला सोपा: चौकट तिरकी केली, तिला वर-खाली लांब पर आणि मागे दुभंगलेली शेपटी काढली की झालं. ऑनलाइन मिळणाऱ्या संचांमधले पट्ट्यापट्ट्यांचे मासे आपल्या किनाऱ्यावरच्या जाळ्यात सहसा येत नाहीत. कोळीवाड्याजवळ राहणाऱ्या भावाला पाठवायचं तर पापलेट, सुरमई, कोळंबी पाठवावी. कासवाचं कार्ड करायचं असेल तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाची ढाल हृदयाच्या आकाराची असते, तीही कोरायला अवघड नाही.

यात्रेत मिळणारे रांगोळीचे छापही विसरू नका. त्यांचा ठसा होत नाही, कारण त्यांना भोकं असतात, पण कागदावर ठेवून वरून शाईचा कोरडा स्पंज थोपटला की ठिपक्यांचा शंख उमटतो. दहा-वीस रुपयांचा तो छाप बहुतेक घरांत आधीच असतो. चैत्रांगणात शंख आणि कासव काढणाऱ्या बाईला समुद्राची चिन्हं नव्याने शिकावी लागत नाहीत.

दरवर्षी कार्डं करणार असाल किंवा बचत गटाने मिळून करायची असतील, तर शिक्केवाल्याकडे जा. तालुक्याच्या ठिकाणी तहसील-कोर्टाच्या आसपास रबरी शिक्के करून देणारे असतात. ग्रामपंचायतीचा शिक्का ज्या यंत्रावर होतो त्याच्यावर पापलेटही होतो. आपलं चित्र पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने, करडी छटा न देता काढून न्या. रेष अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नको. दर आकारावर ठरतो, साधारण दीडशे ते तीनशे रुपये. आपोआप शाई लागणारी प्लॅस्टिकची मूठ मागू नका. ती महाग असते आणि तिच्यात एकाच रंगात अडकायला होतं. नुसतं रबर घेऊन लाकडी ठोकळ्यावर चिकटवलं तर स्वस्त पडतं. पैसे देण्याआधी त्याच्यासमोर एक छाप मारून बघा. कडेची जादा रबरं कापलेली नसतील तर ती कागदावर डाग पाडतात, आणि ते कापून देणं त्याचंच काम आहे.

ऑनलाइन मिळणारे पारदर्शक ठसे तिसऱ्या क्रमांकावर. देशी बनावटीचा चार बाय सहा इंचांचा संच २०० ते ५०० रुपयांना, परदेशी नावाजलेला ९०० च्या पुढे. त्यांचा खरा फायदा एकच: ठसा कुठे पडतोय ते आरपार दिसतं. पण हा ठसा चिकटवायला अॅक्रिलिकचा ठोकळा लागतो, शंभर ते तीनशे रुपयांचा, आणि बहुतेक संचांत तो नसतो. फोटोत मात्र ठोकळ्यासकट दाखवलेला असतो. ‘पाकिटात काय आहे’ ही ओळ वाचा. माप सेंटिमीटरमध्ये बघून कागदावर तेवढी चौकट काढा, कारण पडद्यावर तळहाताएवढी दिसणारी कासवं घरी नखाएवढी निघतात. ऑनलाइन विक्रेत्याने कमाल किरकोळ किंमत, नग आणि वस्तू कोणत्या देशात बनली हे दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर तिथून घेऊ नका. वस्तू वेगळी आली आणि विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यासाठी पाकीट उघडतानाचा व्हिडिओ आणि बिल जपून ठेवा.

एका गोष्टीवर मात्र एक रुपयाही खर्च करू नका: खरं प्रवाळ, वाळवलेला समुद्रघोडा, दुर्मीळ शंख. प्रवाळ आणि समुद्रघोडा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. आणि साधा शिंपला चिकटवलात तरी टपालाच्या शिक्क्याखाली त्याचा चुरा होतो.

समुद्र कसा उभा करायचा, ते आता सांगते. जलरंगाच्या वड्या मुलांच्या दप्तरात असतातच, नव्या घेतल्या तर सत्तर रुपयांच्या आसपास. पांढऱ्या मेणबत्तीने कार्डावर नागमोडी रेघा जोरात ओढा आणि वरून निळा रंग पातळ करून फिरवा. मेणावर रंग बसत नाही, लाटांचे शुभ्र माथे आपोआप सुटतात. रंग ओला असतानाच त्यावर जाड्या मिठाचे दाणे टाका. प्रत्येक दाणा आपल्याभोवतीचा रंग ओढून घेतो आणि वाळल्यावर मीठ झटकलं की पाण्यात बुडबुड्यांसारखी नक्षी राहते. मीठ पूर्ण वाळल्याशिवाय झटकायचं नाही, नाहीतर रेघोट्या उठतात.

रंगांची कटकट नको असेल तर एकट्या पॅडनेही समुद्र होतो. रद्दी कागदाची पट्टी हाताने वेडीवाकडी फाडा, कार्डावर ठेवा, भांडी घासायच्या नव्या स्पंजाचा तुकडा शाईला टेकवून त्या फाटक्या कडेवरून थोपटा. पट्टी थोडी खाली सरकवा, पुन्हा थोपटा. चार-पाच वेळा केलं की लाटांमागे लाटा. वर आकाशाला जागा पांढरीच सोडा. नवशिक्यांची कार्डं बिघडतात ती सगळी जागा भरून टाकल्यामुळे. एक पापलेट गडद, दोन फिकट, कोपऱ्यात भेंडीचा तारामासा, एवढ्यात कार्ड पूर्ण होतं.

क्रम लक्षात ठेवा. कचेरीचं साधं पॅड असेल तर आधी जलरंग, ते पूर्ण वाळल्यावर ठसा. पाण्याने न पसरणारी शाई असेल तर आधी ठसा आणि मग बिनधास्त रंग. उठावाची चमकदार पूड वितळवून छाप फुगवण्याचं तंत्र पाहून अनेकजण केस वाळवायचं यंत्र वापरतात. त्याने पूड वितळत नाही, उडून मात्र जाते. त्यासाठी वेगळं गरम हवेचं साधन लागतं, त्याचा खर्च पहिल्या वर्षी करू नये.

आता बेरीज. सगळ्यात स्वस्त मार्ग, बारा कार्डांचा: कार्डशीट २० रुपये, तीन रुपयांची बारा साधी पाकिटं ३६, कचेरीचं निळं पॅड ५०, जलरंग ७०, दोन खोडरबर २०, कटर २०. एकूण २१६, म्हणजे कार्डामागे १८. रंग आणि कटर घरात असतील तर साडेदहा रुपयांत भागतं. शाळेतल्या मुलांसाठी हाच मार्ग.

मी सुचवते तो मधला. ठसे तेच, घरी कोरलेले. फक्त कार्डशीटऐवजी दीडशेचा जाड कागद आणि कचेरीच्या पॅडऐवजी अडीचशेचं न पसरणारं पॅड. एकूण ५४६, कार्डामागे साडेपंचेचाळीस. पण पॅड पुढच्या वर्षीही चालतं, म्हणून दुसऱ्या वर्षी हाच आकडा निम्म्याच्या जवळ येतो. पॅड पालथं, हवाबंद डबीत ठेवा.

तिसरा, सगळं मागवण्याचा: ठशांचा संच ४००, ठोकळा १५०, तीन लहान पॅडं ७५०, कार्डांचा गठ्ठा २००, पाकिटं ३६, फोमची चिकटपट्टी ५०, घरपोच आणण्याचे ८०. झाले १,६६६. बारा कार्डं केली तर एकाला १३९ रुपये, आणि एकच करून सामान कपाटात गेलं तर ते कार्ड सोळाशेच्या वर पडलं. हा खर्च वाईट नाही. ज्याला हा छंद वर्षभर करायचा आहे त्याने जरूर करावा. राखीपुरता मात्र नको.

बचत गटातल्या काहीजणी विकण्यासाठी कार्डं करण्याचा विचार करतात. त्यांनी सामानाच्या खर्चावर दोन-चार रुपये चढवून किंमत सांगू नये. बारा कार्डं ओळीने केली तर सरावलेल्या हाताला साधारण चार तास लागतात. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. तेवढीच धरली तरी चार तासांचे १५६, म्हणजे कार्डामागे १३ रुपये मजुरीचे. मधल्या मार्गाचं कार्ड ५८ रुपयांच्या खाली विकलं तर बाई आपल्या पदरचे पैसे घालते आहे, आणि बिघडलेली कार्डं, प्रवास हे अजून मोजलेलंच नाही. ७५ ते ८० सांगायला अजिबात संकोचू नये. विकायची असतील तर विकतच्या संचातले ठसे वापरण्याआधी त्या कंपनीची अट वाचा. काही कंपन्या विक्रीला परवानगी देतात, काही मर्यादा घालतात. स्वतः कोरलेल्या पापलेटाला ही अडचण नाही, त्यासाठीही मी खोडरबराच्या बाजूने आहे.

शेवटी टपाल. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. ३०० जीएसएमचं आपलं कार्ड साधारण ८ ग्रॅम भरतं, पाकीट चारेक ग्रॅम, धाग्याची हलकी राखी तीन-चार. म्हणजे पाच रुपयांत बसतं. फोमची पट्टी, मणी, खड्यांची राखी घातली की वीसच्या वर जातं. किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर एक पाकीट मोजून मग सगळ्यांना तिकिटं लावा. तिकीट कमी पडलं तर दंड घेणाऱ्याला भरावा लागतो, आणि राखीवर तो भावाने भरणं बरं दिसत नाही.

साधं पत्र वाटेत कुठे आहे ते कळत नाही. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे माग काढता येणारा टपालाचा मार्ग आता स्पीड पोस्टच. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा दर ५० ग्रॅमपर्यंत त्याच गावात १९ रुपये आणि इतरत्र ४७ रुपये, वर जीएसटी, म्हणजे मुंबईला सुमारे ५५. तातडी नसेल तर पौर्णिमेच्या दहा-बारा दिवस आधी साध्या टपालाने टाका, वाचलेल्या पैशांत पुढच्या वर्षीच्या पॅडची सोय होते. राखी कार्डाच्या घडीत ठेवू नका, तिची गाठ ठशावर उठते. ती शेजारच्या रिकाम्या जागेत, कागदात गुंडाळून. स्टेपलची पिन कुठेही नको. पत्ता बॉलपेनने, पिनकोड सहाही आकडे सुटे लिहून, आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात जिल्हा धाराशिव.